‘रत्नागिरी’ या शब्दात अक्षरं किती? वेब शिकवणाऱ्या प्राध्यापकाचं काम

सुरुवात एका सोप्या प्रश्नाने करू. आपल्या गावाच्या नावात, ‘रत्नागिरी’ या शब्दात, अक्षरं किती?

चार. बरोबर. र, त्ना, गि, री. पहिलीतलं पोरही बोटं मोडून चार सांगेल.

आता हाच प्रश्न आपण ब्राउझरला विचारू. प्रत्येक ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट ही भाषा असते. तिला या शब्दाची लांबी विचारली तर ती सांगते, नऊ. सर्व्हरवर पीएचपी नावाची भाषा वर्षानुवर्षं वापरली जाते. तिच्या लांबी मोजण्याच्या साध्या फंक्शनला विचारलं तर ते सांगतं, सत्तावीस. शब्द तोच आणि उत्तरं तीन: ४, ९ आणि २७. गंमत अशी की तिघांपैकी खोटं कुणीच बोलत नाही.

आम्ही वेब डेव्हलपमेंट शिकवतो. ‘वेबसाइट करायला तर हल्ली कुणीही शिकतं, त्यात प्राध्यापक कशाला, आणि संशोधन ते कसलं?’ हा प्रश्न आम्हाला लग्नकार्यात हमखास विचारला जातो. आजचं व्याख्यान हे त्याचं सविस्तर उत्तर आहे. ४, ९ आणि २७ यांच्यामध्ये जी फट आहे तिथे माणसांची नावं, दाखले आणि हिशोब पडतात. ती फट दाखवणं हे आमचं शिकवणं, आणि ती बुजवायची कशी हे शोधणं म्हणजे आमचं संशोधन.

आधी गणित सोडवू

संगणक अक्षर साठवत नाही, तो आकडे साठवतो. जगातल्या लिप्यांमधल्या प्रत्येक चिन्हाला एकेक क्रमांक देणारी जी व्यवस्था आहे तिला यूनिकोड म्हणतात. देवनागरीला त्यात सलग १२८ जागांचा एक पट्टा मिळाला आहे. त्यात ‘र’ला क्रमांक आहे, ‘त’ला आहे, पाय मोडण्याच्या चिन्हाला, म्हणजे हलन्ताला, स्वतंत्र क्रमांक आहे, काना-वेलांटीलाही आहे. ‘त्ना’ला मात्र नाही. ‘त्ना’ हा त, हलन्त, न, काना अशा चार तुकड्यांतून उभा राहतो. आता मोजा: र, त, हलन्त, न, काना, ग, ऱ्हस्व वेलांटी, र, दीर्घ वेलांटी. झाले नऊ.

हे नऊ आकडे फाइलमध्ये लिहिण्याची आज सगळीकडे रुळलेली पद्धत म्हणजे यूटीएफ-८. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या दोघांनी ती १९९२ साली तयार केली. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी चिन्हाला तीन. नऊ त्रिक सत्तावीस. म्हणजे माणूस अक्षरं मोजतो, जावास्क्रिप्ट चिन्हं मोजते आणि पीएचपी बाइट मोजते.

आणखी एक गोष्ट बघा. ‘गि’ लिहिताना आपण वेलांटी ‘ग’च्या आधी काढतो. संगणकात मात्र आधी ‘ग’ साठवला जातो, मग वेलांटी. आपण उच्चारतो त्या क्रमाने साठवण होते आणि पडद्यावर वेलांटी उचलून पुढे आणून बसवणं हे फॉन्ट आणि ब्राउझर यांचं काम. म्हणजे पडद्यावर दिसणारा मजकूर वेगळा आणि आत साठवलेला वेगळा. आजच्या व्याख्यानातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: वेबवरच्या मराठीला दोन आयुष्यं आहेत, एक दिसण्याचं आणि एक साठवणीचं. बहुतेक लोक पहिलंच तपासतात.

या गावाला हा प्रश्न नवा नाही

लोकमान्य टिळकांचा जन्म रत्नागिरीतला, १८५६ सालचा. टिळक गणित शिकवत, हे आपल्याला ठाऊक असतं. ‘केसरी’च्या छपाईसाठी देवनागरीचे खिळे कमी कसे करता येतील यावरही त्यांनी डोकं लढवलं होतं, हे तितकंसं ठाऊक नसतं. इंग्रजी जुळवणाऱ्याला थोडक्या घरांची पेटी पुरे. मराठी जुळवणाऱ्यासमोर जोडाक्षरं आणि मात्रांसकट शेकडो खिळे. त्यामुळे वेळ जास्त, पैसा जास्त आणि चुकाही जास्त.

पुढे १९२४ ते १९३७ या काळात सावरकर याच शहरात स्थानबद्ध होते. त्या वर्षांत त्यांनी लिपिशुद्धीचा आग्रह धरला. अि, अी, अु, अू अशी ‘अ’ची बाराखडी वापरा, म्हणजे स्वरांचे वेगळे खिळे लागणार नाहीत, हा त्यातला एक भाग. एका पिढीने तसं लिहिलंही. नंतर ते मागे पडलं.

दोघांसमोरची अडचण एकच होती. यंत्र परकं, त्याच्या सवयी रोमन लिपीच्या. त्या काळी यंत्र बदलणं आपल्या हातात नव्हतं, म्हणून अक्षर यंत्राच्या मापाचं करायचे प्रयत्न झाले. टाइपरायटरवरही तेच झालं. संगणक आला तेव्हा मात्र यंत्राला आपली लिपी शिकवणं पहिल्यांदा शक्य झालं. पण ते एका दिवसात झालं नाही, आणि मधल्या काळात आपण एक आडवाट धरली.

आडवाट: नुसतं दिसणारं मराठी

ती आडवाट म्हणजे जुने, यूनिकोडपूर्व फॉन्ट. त्यांची युक्ती सोपी होती. संगणकाच्या लेखी मजकूर इंग्रजीच ठेवायचा आणि फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकार काढून ठेवायचा. पडद्यावर सुरेख मराठी दिसायचं. छपाईला उत्तम चालायचं. पण तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसायचा. आणि शोधयंत्राला तर कायमच तो कचरा दिसायचा.

आंब्याच्या पेटीचं उदाहरण घेऊ. पेटीत हापूस आहे, वर लेबल मात्र बटाट्याचं. घरातल्या माणसाला ठाऊक आहे, तो पेटी उघडून खाईल. पण वाशीच्या बाजारात लेबल वाचून माल लावणारा ती पेटी बटाट्यांतच ठेवणार. त्या वर्षांत मराठीत टाइप झालेले लेख, अहवाल आणि याद्या यांचा मोठा साठा आज अशाच चुकीच्या लेबलाखाली पडून आहे. ते रूपांतरित करणारी साधनं आहेत, पण फॉन्टागणिक तक्ता वेगळा, आणि रूपांतरानंतर कुणीतरी ओळ न् ओळ वाचावी लागते.

सरळ वाटही त्याच वेळी बांधली जात होती. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं भारतीय लिप्यांचं काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. भारतीय लिप्यांची इस्की ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक झाली. यूनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८ च्या आराखड्यावरून घेतली. म्हणजे तुमच्या फोनमधल्या मराठीचा पाया इथेच रचला गेला.

आणि इथे एका प्राध्यापकाचं नाव घ्यायलाच हवं: र. कृ. जोशी. कवी, सुलेखनकार, जाहिरात क्षेत्रात उमेदवारी केलेले, आणि आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमधले शिक्षक. विंडोज २००० बरोबर जो ‘मंगल’ फॉन्ट घरोघरी पोचला तो त्यांच्या आरेखनाचा. जोडाक्षर कसं जुळतं, वेलांटी कुठे बसते, रफार कुणाच्या डोक्यावर जातो, हे सगळं नियम म्हणून त्या फॉन्टच्या आत लिहावं लागतं. हाताने अक्षर काढणाऱ्या माणसाने ते नियम यंत्राला समजतील असे मांडले. आजही कार्यालयांत ‘मजकूर मंगलमध्ये पाठवा’ असं म्हणतात, तेव्हा म्हणायचं असतं ‘यूनिकोडमध्ये पाठवा’. एका फॉन्टचं नाव सगळ्या व्यवस्थेला पडलं, आणि ते आरेखन एका शिक्षकाचं होतं.

आमची स्वतःची चूक

आता दुसऱ्याच्या गोष्टी पुरे, आमची सांगतो. काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेसाठी आम्ही नोंदणीचा अर्ज तयार केला. अर्ज भरला की प्रमाणपत्र आपोआप तयार होणार. नाव लांबलं तर चौकटीबाहेर जाईल म्हणून पीएचपीत ते चाळिसावर कापलं. इंग्रजी नावं घालून तपासलं, सगळं छान चाललं. मराठी नाव घालून तपासायचं राहिलं.

ज्या विद्यार्थ्याचं नाव कापलं गेलं त्याचं खरं नाव सांगत नाही, त्याच बांध्याचं दुसरं घेऊ: ज्ञानेश्वर पुरुषोत्तम क्षीरसागर. इंग्रजीत हे मधल्या जागा धरून ३४ अक्षरांत बसतं. मराठीत ‘ज्ञानेश्वर’ची चिन्हं दहा, म्हणजे ३० बाइट. एक बाइट मोकळ्या जागेचा, झाले ३१. उरले नऊ. नऊ बाइटांत तीन चिन्हं: प, उकार, र. प्रमाणपत्रावर छापून आलं, ‘ज्ञानेश्वर पुर’.

माणसाचं गाव झालं! वर्ग हसला, आम्हीही हसलो. तो मुलगा हसला नाही. त्याच्या घरातलं ते पहिलं प्रमाणपत्र होतं. दुसऱ्या दिवशी वडील कागद घेऊन आले आणि भीत भीत म्हणाले, ‘सर, आमच्या नावातच काही चुकलं होतं काय?’

त्यांच्या नावात काही चुकलेलं नव्हतं, आम्ही बाइट मोजले होते. पीएचपीतच चिन्हं मोजणारी वेगळी फंक्शनं आहेत. ती वापरायची, आणि मुळात नाव कापायचंच नाही, अक्षराचा आकार लहान करायचा. दुरुस्ती पाच मिनिटांची होती. पण तेव्हापासून आमच्या पहिल्याच प्रात्यक्षिकात हे उदाहरण असतं, आणि परीक्षेत प्रत्येक अर्ज किमान एका जोडाक्षरी मराठी नावाने तपासल्याशिवाय गुण मिळत नाहीत.

वर्गात काय शिकवतो

एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, सर्व्हर, डेटाबेस हा अभ्यासक्रम सगळीकडे असतो. साधनं दर दोन-तीन वर्षांनी बदलतात, म्हणून साधनांच्या मागची कारणं आम्ही शिकवतो. चार उदाहरणं देतो.

पहिलं, दर्या आणि दऱ्या. कोकणात दोन्ही आहेत! समुद्र तो दर्या आणि डोंगरातल्या त्या दऱ्या. फरक एका रकाराचा. ‘दऱ्या’मधल्या रकारासाठी यूनिकोडमध्ये ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह आहे. पण काही कळफलकांवर लोक साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरूनही तोच आकार काढतात. डोळ्याला दोन्ही सारखे. संगणकाला दोन वेगळे शब्द. एकाने एका पद्धतीने लिहिलं, दुसऱ्याने दुसऱ्या पद्धतीने शोधलं, की उत्तर येतं ‘काहीही सापडलं नाही’. म्हणून शोधण्याआधी मजकूर एकाच साच्यात आणण्याचा कार्यक्रम विद्यार्थ्यांकडून लिहून घेतो.

दुसरं, ‘ॲप’मधला ‘ॲ’. हे अक्षर यूनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीचे लोक ‘अ’वर अर्धचंद्र देऊन काम भागवत, आणि अजूनही बरेच जण देतात. दिसायला एकच, साठवणीत वेगळं. यूनिकोडचे एकरूपीकरणाचे ठरलेले नियमही या दोघांना एक मानत नाहीत. हे आपल्यालाच हाताळावं लागतं.

तिसरं, हजेरीपट. नावांची यादी नुसती क्रमांकाने लावली की ‘क्षीरसागर’ ‘कदम’च्या मागे आणि ‘खरे’च्या पुढे जाऊन बसतात, कारण संगणकाला ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त, ष. शाळेत शिकलेल्या वर्णमालेत मात्र ळ, क्ष, ज्ञ शेवटी येतात. ब्राउझरला ‘मराठी क्रमाने लाव’ असं सांगता येतं, पण सांगावं लागतं.

चौथं, भाषेचं लेबल. पानाच्या पहिल्याच टॅगमध्ये हे पान मराठी आहे असं दोन अक्षरांत लिहिता येतं. पुष्कळ पानांवर तिथे इंग्रजी लिहिलेलं असतं, कारण नमुना तसाच उचललेला असतो. त्याने काय बिघडतं? अंध व्यक्तीचं वाचकयंत्र मराठी मजकूर इंग्रजी आवाजाला वाचायला देतं आणि काही कळत नाही. ल आणि श यांचे मराठी वळणाचे आकार आपल्या शासनाने २००९ च्या निर्णयात प्रमाण मानले. ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणांचे आकार आहेत तो लेबल पाहून ते दाखवतो. दोन अक्षरांचं काम आहे, पण ते न केल्याने एखाद्याच्या तोंडावर दार बंद होतं.

मराठीतून शिकवायचं म्हणजे काय

आमच्या वर्गात लांजा, राजापूर, संगमेश्वरकडची मुलं येतात. बरीचशी मराठी माध्यमातली. त्यांना डोकं कमी नसतं, इंग्रजी सूचना वाचताना दम लागतो. इथे आयआयटी मुंबईच्या प्रा. कण्णन मौदगल्य यांच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाकडून आम्ही पुष्कळ शिकलो. मौदगल्य स्वतः रसायन अभियांत्रिकीचे. साधारण दहा मिनिटांची चित्रफीत, त्यात पडद्यावर प्रत्यक्ष काम चाललेलं, आणि सोबत मराठीसह अनेक भारतीय भाषांत निवेदन. पडदा मात्र इंग्रजीच ठेवतात, कारण नोकरीत पुढे तोच पडदा भेटणार. विद्यार्थ्याने चित्रफीत थांबवत थांबवत तेच शेजारी करून बघायचं.

यातलं मर्म आम्ही उचललं: कोड आहे तसा, समजावणं मराठीत. ‘टॅग’ला आम्ही टॅगच म्हणतो, त्याला अवघड संस्कृत नाव देत नाही. पण टॅग का हवा हे मराठीत सांगतो. आणि प्रश्न मराठीत विचारायची मोकळीक देतो. प्रश्न विचारायला आधी भाषांतर करावं लागलं, की निम्मे प्रश्न तिथेच मरतात.

आणि संशोधन?

सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत येऊ. ‘रत्नागिरी’त अक्षरं किती, हे संगणकाला माणसासारखं मोजता यावं यासाठी यूनिकोडमध्ये अक्षराच्या सीमा ठरवणारे नियम आहेत. बरीच वर्षं ते नियम ‘त्ना’चे दोन तुकडे करत: त् आणि ना. म्हणजे उत्तर पाच यायचं. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या १५.१ या आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिप्यांची जोडाक्षरं अखंड धरणारा नियम घातला गेला, आणि उत्तर चार झालं. पहिलीतल्या पोराचं उत्तर मानकात यायला २०२३ उजाडावं लागलं! असे नियम आपोआप बदलत नाहीत. कुणीतरी चूक दाखवतं, उदाहरणं गोळा करतं, प्रस्ताव लिहितं, त्यावर वर्षानुवर्षं चर्चा होते.

वेबची मानकं ठरवणारी डब्ल्यू-थ्री-सी ही संस्थाही भारतीय लिप्यांच्या मांडणीच्या गरजा आणि देवनागरीच्या बाबतीत ब्राउझरमध्ये राहिलेल्या उणिवा यांचे दस्तऐवज ठेवते. परिच्छेदाचं पहिलं अक्षर मोठं करायचं असेल आणि शब्द ‘स्त्री’ असेल, तर नुसता ‘स’ मोठा होऊन चालेल का? अक्षरांतली जागा वाढवली की शिरोरेषा तुटते, तिचं काय? ओळींतलं अंतर कमी केलं की वरची मात्रा कापली जाते, ती कशी वाचवायची? या प्रश्नांना महागडी प्रयोगशाळा लागत नाही. एक साधा लॅपटॉप, दोन-तीन ब्राउझर, आणि मराठी नीट वाचणारे डोळे लागतात. ते डोळे परदेशातल्या अभियंत्याकडे नसतात, राजापूरच्या मुलीकडे असतात. म्हणून शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत आम्ही एक तरी असा प्रश्न ठेवतो: ब्राउझर कुठे चुकतो ते शोधा, छोट्या पानावर सिद्ध करा, ज्यांनी दुरुस्त करायचं त्यांना नीट लिहून कळवा. नवी साइट बांधण्याइतकंच हे काम आम्ही मोलाचं मानतो.

जाता जाता

घरी गेल्यावर तीन गोष्टी करून बघा. तुमच्या ओळखीच्या एखाद्या मराठी साइटवर शोधाच्या चौकटीत ‘ॲप’ दोन्ही पद्धतींनी लिहून बघा, निकाल सारखे येतात का. एखाद्या ऑनलाइन अर्जात पिन कोड ४१५६१२ असा मराठी आकड्यांत भरून बघा, तो घेतो की ‘चुकीचा आकडा’ म्हणतो. आणि फोनच्या वाचकयंत्राला एखादं मराठी पान वाचायला लावा आणि डोळे मिटून ऐका. जे बिघडलेलं आढळेल ते लिहून आमच्याकडे आणा. पुढच्या प्रात्यक्षिकाला तेवढेच विषय मिळतील.

ते ‘ज्ञानेश्वर पुर’चं प्रमाणपत्र आम्ही त्या मुलाकडून मागून घेतलं, बदल्यात नवं छापून दिलं. जुनं आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावलंय. नव्या बॅचची मुलं पहिल्या दिवशी विचारतात, ‘सर, हे गाव कुठलं?’ तिथूनच आमचा तास सुरू होतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ.